माझी प्रकृती कोणती? तिघांनी तीन उत्तरं दिली

भिजलेली वाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारते आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या ऑफिसात प्रकृती परीक्षणाचं शिबिर झालं, म्हणजे आयुर्वेदाप्रमाणे शरीरात वात, पित्त, कफ यांपैकी कशाचा जोर आहे ते बघायचं. आयुष मंत्रालयाचं अभियान २६ नोव्हेंबरपासून देशभर चालू होतं, सव्वा कोटीहून जास्त लोकांनी त्यात परीक्षण करून घेतलं, त्यातलीच मी एक. आयुर्वेद महाविद्यालयातल्या एका मुलीने माझ्या फोनवरचा कोड स्कॅन केला आणि भराभर प्रश्न विचारले. केस कसे, त्वचा कशी, भूक कशी, झोप कशी, राग पटकन येतो का, चालता कसं. दहा मिनिटांत प्रमाणपत्र फोनवर आलं : पित्त-कफ.

महिन्याभराने पाठदुखीसाठी ठाण्यातल्या एका वैद्यांकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, बराच वेळ बोलत बसले आणि म्हणाले, तुमचं वात-पित्त आहे. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काहीतरीच काय! तू पहिल्यापासून कफाची. दहा वर्षांची होईपर्यंत तुझं नाक एक दिवस कोरडं नव्हतं."

मी ४३ वर्षांची आहे. ॲपबरोबर काय खावं, काय टाळावं याची यादी आली, वैद्यांनी वेगळी दिली, आणि दोन्हींत दह्यापासून तिळापर्यंत सगळं उलटसुलट आहे. प्रकृती वयाप्रमाणे बदलते का? बदलत नसेल तर तिघांपैकी कोण बरोबर? आणि ती कळल्यावर रोजच्या जगण्यात खरंच काही फरक पडतो का? ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवगा
आमच्याकडेही शिबिर झालं होतं. मला वात-पित्त आलं, शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही वात-पित्त. तो साडेसहा फुटी, शांत, दुपारी जेवल्यावर डुलक्या घेणारा. मी सहा महिन्यांत तीन नोकऱ्या बदललेला. दोघांचं उत्तर सारखं कसं हे मलाही कळलं नाही. वाचतोय.

पाटावरवंटा
भिजलेली वाट, तुझ्या आईचं वाक्य वाचून माझ्या सासूबाई आठवल्या.

आपल्या भाषेत हे किती मुरलंय बघ. 'प्रकृती कशी आहे?' म्हणजे तब्येत कशी आहे. एखाद्याची प्रकृती तोळामासा. अमकं वातूळ, तमकं उष्ण पडतं, ह्याचा कोठा हलका, तिचा जड. पुस्तक न उघडता हे सगळं स्वयंपाकघरात चालायचं.

आमच्याकडे श्रावणात वालाचं बिरडं व्हायचं. सासऱ्यांना वाल बाधायचे. पोट फुगून रात्रभर येरझारा. पण त्यांना बिरडं आवडायचंही फार. सासूबाई कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून ठेवायच्या. सगळ्यांसाठी एकच पातेलं. पण फोडणीत हिंग-ओवा एरवीपेक्षा सढळ. सासऱ्यांच्या वाटीत वरून चमचाभर तूप, आणि त्यांना ते फक्त दुपारच्या जेवणात, रात्री नाही. धाकट्या दिराला मात्र तेच बिरडं आमसूल जास्त घालून, कारण त्याला जळजळ व्हायची. सासूबाईंना 'त्रिदोष' (वात, पित्त आणि कफ हे तीन दोष) हा शब्द माहीत होता की नाही कोण जाणे, पण कुणाच्या पानात काय वाढायचं ते पक्कं माहीत होतं. मला तरी प्रकृती म्हणजे एवढंच वाटतं : माणूस ओळखून वाढणं.

आकडेमोड
पाटावरवंटा, बिरडं आवडलं. पण धागाकर्तीचा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला बगल देऊ नये असं मला वाटतं.

एकाच व्यक्तीला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळत असतील तर मोजमापातच गडबड आहे. वजनकाट्यावर तीनदा उभं राहून तीन वेगळे आकडे आले तर आपण काटा बदलतो. प्रश्नावलीत 'राग पटकन येतो का' असं विचारलं की त्या आठवड्यात साहेबांशी भांडण झालेला माणूस 'हो' म्हणणार. 'केस अकाली पिकले का' याचं उत्तर कलप लावणारा देणार नाही. आणि वर्णनं इतकी सैल असतात की वाचणाऱ्याला प्रत्येक गोष्ट आपलीच वाटते, राशिभविष्यासारखी. आयुर्वेदाविषयी मला आकस नाही, माझे आजोबा काढे घेऊनच ९१ वर्षं जगले. पण आरोग्याचा निर्णय ज्याच्यावर घ्यायचा त्याची विश्वासार्हता तपासायलाच हवी.

निर्गुडी
मी वैद्य आहे, साताऱ्याजवळ १९ वर्षं प्रॅक्टिस करते. जरा मोठं लिहीन.

आधी मूळ गोष्ट. सुश्रुतसंहितेत शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय, 'शुक्रशोणितसंयोगे यो भवेद्दोष उत्कटः', म्हणजे गर्भधारणेच्या वेळी जो दोष वरचढ असतो त्याची प्रकृती बनते. चरकाचार्य त्यात आणखी भर घालतात : आईबाप तर आहेतच, शिवाय त्या वेळचा काळ, गर्भाशयाची अवस्था आणि गरोदरपणातला आईचा आहारविहार. म्हणजे एकाच आईची दोन मुलं वेगळ्या प्रकृतीची असू शकतात. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि सम प्रकृती एक, अशा एकूण सात. निव्वळ एका दोषाची माणसं माझ्याकडे क्वचित येतात, बहुतेक सगळे मिश्रच.

ही जन्माची प्रकृती बदलत नाही. सुश्रुत तर म्हणतात, प्रकृतीत स्वभावतः बदल व्हायला लागला तर तो माणूस आयुष्याच्या शेवटाला आलेला समजावा. मग रोज बदलतं ते काय? ती विकृती. दोषांची आजची अवस्था. ऋतू, वय, जागरण, खाणं, औषधं, काळजी, सगळ्यांनी ती हलते. पावसाळ्यात वात वाढतो, शरदात पित्त, वसंतात कफ. लहानपणी कफाचा जोर, तरुणपणी पित्ताचा, म्हातारपणी वाताचा.

आता तिन्ही उत्तरं पुन्हा वाचा. आई सांगतेय ते लहानपणचं. त्या वयात शेंबूड नसलेलं मूल मी तरी फार पाहिलेलं नाही, त्यावरून कफ प्रकृती ठरवता येत नाही. ॲपला तुम्ही दिली ती उत्तरं त्या दिवसाची. आणि तुम्ही वैद्यांकडे गेलात तेव्हा पाठ दुखत होती, वय ४३, बहुधा झोपही बिघडलेली असणार, म्हणजे समोर वाताची विकृती दिसत होती. त्यांनी ती बाजूला काढून खालची प्रकृती पाहिली की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. पण हे तिघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत, एवढं नक्की.

भिजलेली वाट
निर्गुडीताई, झोपेचं तुम्हाला कसं कळलं? दोन वर्षं पहाटे तीनला जाग येते ती येतेच.

निर्गुडी
अंदाज होता. या वयात माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार बायकांमागे एक हेच सांगते. पाळी कशी आहे, रक्त कमी आहे का, हेही बघून घ्या.

@आकडेमोड, तुमचा मुद्दा मी मनापासून घेते. प्रश्नावलीने प्रकृती ठरत नाही, सुरुवात होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात रुग्णाची दशविध परीक्षा सांगितली आहे : प्रकृती, विकृती, सार (धातूंचा कस), संहनन (बांधा), प्रमाण (शरीराची मापं), सात्म्य (काय मानवतं), सत्त्व (मनाचं बळ), आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. प्रकृती त्यातली फक्त पहिली. बाकीच्या नऊ सोडल्या तर पहिलीचाही अर्थ लागत नाही. आणि तिथली वर्णनं तुम्ही म्हणता तशी सैल नाहीत, गुणांना बांधलेली आहेत. वात रूक्ष, लघु, चल, शीघ्र, शीत, म्हणून वातप्रकृतीचा माणूस कोरडा, हलका, चटकन सुरू करणारा, ऐकलेलं लगेच पकडणारा आणि लवकर विसरणारा. एक बारकावा मला फार आवडतो. त्याच्या अंगाला भेगा पडतात आणि चालताना सांधे वाजतात, असं चरक लिहितात. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईपर्यंत मी घोट्यांचा आवाज ऐकते आणि टाचा बघते. पित्त उष्ण-तीक्ष्ण, म्हणून ऊन सोसत नाही, भूक थांबवता येत नाही, केस लवकर पिकतात किंवा टक्कल पडतं. कफ मंद, स्थिर, स्निग्ध. हळू बोलतो, हळू खातो, पण हाती घेतलेलं सोडत नाही.

केस, टाच, बोलणं, भूक, घाम अशा पंधरा-वीस खुणा जेव्हा एकाच दिशेला जातात तेव्हा मी लिहिते. नाही जात तेव्हा कागदावर प्रश्नचिन्ह काढते आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघते.

लाल माती
मी कोल्हापूरकडचा, तालमीत पोरांना शिकवतो. आम्हाला पुस्तकी माहिती नाही पण हे रोज दिसतं.

एक पोरगं येतं, सडपातळ, चपळ, डाव पटकन उचलतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या पुढं. त्याला जोर-बैठका वाढवून दिल्या की तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसतं, झोप जाते, वजन उतरतं. दुसरं येतं जाडजूड, थंड. पहिले दोन महिने त्याला उठवावं लागतं. पण वर्षभरानं त्याला मातीतून हलवून दाखवा. आणि तिसरं लालबुंद, उन्हात घेतलं तर डोकं धरतं, भूक लागली की कुणावरही चिडतं. तिघांना एकच मेहनत दिली तर दोन पोरं वाया जातात. पहिल्याला मालिश, तूप आणि बेतानं मेहनत. दुसऱ्याला मेहनत जास्त, दूध-बदाम कमी. तिसऱ्याला पहाटेच मातीत उतरवायचं आणि थंडाई चुकवायची नाही.

वस्ताद सांगायचे, कपाळावर आणि काखेत घाम आला, तोंड कोरडं पडायला लागलं की अर्धी ताकद झाली, तिथं थांब. नंतर एका वैद्यांनी सांगितलं की हे ग्रंथातच आहे.

निर्गुडी
आहे तर! अर्धशक्ती व्यायाम. तुमच्या वस्तादांना नमस्कार.

शेवगा
लाल माती, तुमचं पहिलं पोरगं म्हणजे मीच. जिमला तीनदा गेलो, तीनही वेळा महिन्याभरात खांदा नाहीतर गुडघा. चौथ्यांदा जायच्या आधी तुमचा प्रतिसाद छापून प्रशिक्षकाला देणार आहे.

आकडेमोड
निर्गुडी, उत्तराबद्दल आभार. थोडं वाचन केलं, इथे मांडतो, कारण दोन्ही बाजूंना उपयोगी आहे.

पुण्यातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रकृती आणि एचएलए (रोगप्रतिकारशक्तीशी निगडित) जनुकांचा संबंध तपासला होता. २००८ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने निरोगी पण टोकाच्या प्रकृतींच्या लोकांमध्ये जनुकांची अभिव्यक्ती (कुठली जनुकं किती कामात आहेत) आणि रक्तातले घटक यांत फरक दाखवले. २०१५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी ३४१६ पुरुष तपासले आणि त्यातून शेवटी २६२ जणांचा जनुकीय अभ्यास केला. ५२ ठिकाणी प्रकृतींमध्ये फरक सापडला, आणि पीजीएम१ या जनुकाचा पित्ताशी संबंध दिसला. ऊर्जेच्या चयापचयातलं जनुक आहे ते, म्हणजे पित्ताच्या कल्पनेशी जुळणारं.

म्हणजे 'यात काहीच नाही' असं मी आता म्हणणार नाही. पण आकडे नीट वाचा. ३४१६ मधून २६२. त्यांना ठळक एकाच दोषाची माणसं हवी होती आणि ती गोळा करायला एवढी चाळणी लावावी लागली. तुम्हीआम्ही बहुतेक जण चाळणीतून खाली पडलेल्यांत. मग दहा मिनिटांत आलेलं प्रमाणपत्र घेऊन आयुष्यभराचं पथ्य कसं ठरवायचं? शिवाय गटागटांत जनुकांचा फरक सापडणं वेगळं आणि प्रकृतीनुसार पथ्य पाळल्याने आजार कमी होतो हे सिद्ध होणं वेगळं. त्यासाठी मोठ्या चाचण्या लागतील.

निर्गुडी
हे मला मान्य आहे. त्या चाचण्या व्हायला हव्यात, आणि आम्ही वैद्यांनीच त्या मागायला हव्यात.

रानजाई
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

मला चौतिसाव्या वर्षी सांगितलं गेलं की तुझी कफ प्रकृती आहे. वजन वाढतंय, सकाळी उठवत नाही, थंडी सोसत नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही, बोलणं संथ झालंय. सगळं कफात बसवलं गेलं. मीही बसवलं. दूध-केळं सोडलं, सुंठ-मध-गरम पाणी, दिवसा झोप बंद, पहाटे चालणं. थोडं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. घरचे म्हणायचे, कफाची माणसं आळशीच असतात. मीही स्वतःला आळशी समजायला लागले. दोन वर्षं.

एक दिवस मुलाला शाळेत सोडून येताना जिन्यात बसले ते उठता येईना. खालच्या मजल्यावरच्या ताई परिचारिका आहेत. त्यांनी माझा चेहरा आणि पाय बघितले, नडगीवर बोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, उद्या सकाळी थायरॉइडची तपासणी करून ये, मी सोबत येते. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की वाढतो तो आकडा, ८० च्या वर होतं. गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा गजर व्हायच्या आधी उठले, आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मला त्या वैद्यांचा राग नाही. पण मला कुणीतरी विचारायला हवं होतं की, तू पहिल्यापासून अशी होतीस का? कारण मी नव्हते. कॉलेजात मी खो-खो खेळायचे.

पाटावरवंटा
रानजाई, बाळा. जवळ असतीस तर डोक्यावरून हात फिरवला असता.

निर्गुडी
रानजाई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. 'पहिल्यापासून अशी होतीस का' हा एकच प्रश्न प्रकृती आणि आजार वेगळे करतो. तो विचारला गेला नाही ही आमच्या बाजूची चूक आहे आणि ती लहान नाही.

इतरांसाठी स्पष्ट लिहिते. प्रकृती हा आजार नाही आणि ती आजाराचं कारण म्हणूनही सांगायची नसते. ती सांगते की शरीर बिघडायला लागलं तर आधी कुठल्या बाजूला कलेल. जो बदल नवीन आहे, वाढतो आहे, वर्षभरापूर्वी नव्हता, तो प्रकृतीत टाकायचा नाही. तपासायचा. रक्त, साखर, थायरॉइड, बी१२, जे लागेल ते. मी माझ्या पेशंटना तपासण्या करायला लावते आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत हे चिठ्ठीवर लिहून देते.

माडबन
आमच्या वडिलांचं असंच. पायाला मुंग्या, तळवे बधिर. 'वात आहे, वयच झालं' म्हणून दोन वर्षं तेल चोळलं. बी१२ तळाला गेलेलं निघालं. तेल चोळून बरं वाटायचं हे खरं, म्हणून तर कुणी पुढे विचारलं नाही.

आकडेमोड
रानजाई, माडबन, मला जे शब्दांत मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. लेबल लागलं की चौकशी थांबते, माझी भीती हीच होती.

उणे तीस
मी कॅनडात एडमंटनला असते, नावावरून कळलंच असेल. एक वेगळा अनुभव.

मूळची चिपळूणची. तिथे असताना तेल लावलं की अंग चिकट व्हायचं, नकोसं वाटायचं. इथे पहिल्याच हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायला लागलं. बाहेर उणे तीस, घरात गरम हवेच्या भट्टीमुळे हाडापर्यंत कोरडं. झोप उडाली, पोट आठ आठ दिवस अडायचं, उगाच धडधडायचं. आईने फोनवर सांगितलं, तिळाचं तेल कोमट करून आंघोळीच्या आधी लाव, भाकरी-चपाती तुपाशिवाय खाऊ नको, थंड सॅलडचे डबे बंद कर. पंधरा दिवसांत बोटं भरली, पोट महिन्याभरात. इथल्या डॉक्टरांनाही दाखवलं होतं, त्यांनीही जाड मलम आणि घरात आर्द्रता वाढवायचं यंत्र सांगितलं. दोन्ही केलं.

निर्गुडीताई, हे प्रकृतीचं की जागेचं?

निर्गुडी
जागेचं मुख्यतः. आयुर्वेदात देशाचेही प्रकार आहेत. पाणी आणि झाडी भरपूर तो आनूप, जसं तुमचं कोकण, आणि तिथे कफाचा जोर. कोरडा, उघडा तो जांगल, तिथे वाताचा. तुम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलात. मुळात वाताकडे झुकणारी प्रकृती असेल तर त्रास दुप्पट. तुमच्या आईने जे सांगितलं ते मीही सांगितलं असतं. यंत्रही सांगितलं असतं.

शेवगा
जागेवरून आठवलं. आमच्या घरात पंख्याचा वाद. मला थंडी वाजते, बायकोला पंखा पाचवर हवा. लग्नाला सात वर्षं झाली, रेग्युलेटरचं बटण दोनदा बदललं. प्रमाणपत्रं आल्यावर कळलं, ती निव्वळ पित्त, माझ्यात वातही आहे. आता भांडत नाही. मी गोधडी घेतो, ती पंखा घेते.

पाटावरवंटा
शेवगा, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा उपाय आहे. लग्नाआधी पत्रिकेसोबत हेही बघावं.

माडबन
जरा अवांतर. आपण मराठीत पित्त म्हणतो ते नेमकं काय? आमच्याकडे अंगावर गांध्या उठल्या की 'पित्त उठलं' म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. छातीत जळजळ झाली तरी पित्त. डोकं अर्धं दुखून उलटी झाली की 'पित्त पडलं, आता बरं वाटेल'. बायकोला तिन्ही होतात. म्हणजे ती पित्त प्रकृतीची?

निर्गुडी
अवांतर नाही, ह्याच घोटाळ्यातून चुका होतात. अंगावर गांध्या ते शीतपित्त-उदर्द, आणि नाव पित्ताचं असलं तरी त्यात गार वाऱ्याचा, कफ-वाताचा भाग मोठा असतो. जळजळ-आंबट पाणी ते अम्लपित्त. अर्धशिशी आणखी वेगळी. हे तीन वेगळे त्रास आहेत, त्यावरून प्रकृती ठरत नाही. कफ प्रकृतीचा माणूसही रात्री उशिरा मिसळ खाऊन लगेच आडवा झाला तर त्याला अम्लपित्त होणारच. गांध्या उठताना ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर आमसूल शोधत बसू नका, थेट दवाखाना.

आणि तुमच्या घरी त्रास ऑक्टोबरात वाढतो का बघा. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हात उसळतं असं शास्त्र म्हणतं. कोजागिरीचं आटवलेलं दूध त्याच ऋतूत येतं. दूध मधुर, शीत, पित्ताला शांत करणारं.

माडबन
ऑक्टोबरच! दरवर्षी नवरात्र संपलं की सुरू. आता कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

रानजाई
निर्गुडीताई, एक विचारू? गोळी चालू आहे, टीएसएच आता व्यवस्थित आहे. मग माझी खरी प्रकृती कोणती? मला जाणून घ्यायचंय, पण भीतीही वाटते.

निर्गुडी
खो-खो खेळायचात तेव्हाचं आठवा. भूक कशी होती, उन्हात काय व्हायचं, दमायला किती वेळ लागायचा, रडू आणि राग किती लवकर यायचे, झोप कशी. आईला, जुन्या मैत्रिणींना विचारा. ते लिहून एखाद्या वैद्यांकडे घेऊन जा, गोळीची चिठ्ठीसुद्धा न्या. प्रकृती तिथे सापडेल, आजारातल्या दोन वर्षांत नाही.

रानजाई
भूक! मधल्या सुट्टीपर्यंत थांबता यायचं नाही, दुसऱ्या तासालाच डबा संपलेला असायचा. मैत्रीण अजून चिडवते.

निर्गुडी
मग निव्वळ कफ तरी वाटत नाही.

भिजलेली वाट
धागा सुरू करून गायब झाल्यासारखं वाटलं असेल, पण रोज वाचत होते. पाच आठवड्यांनी सांगण्यासारखं काही आहे.

रानजाई, तुझा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, पण हिमोग्लोबिन ८.९ निघालं. पाळी वर्षभर जास्त जाते आहे हे मी 'पित्त वाढलंय' म्हणून सोडून दिलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, सोनोग्राफी झाली, लहान गाठ आहे, घाबरण्यासारखं काही नाही, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तुझे आभार कसे मानू कळत नाही.

मग त्याच ठाण्याच्या वैद्यांकडे सगळे रिपोर्ट घेऊन गेले. निर्गुडीताईंनी लिहिलेलं मनात होतं म्हणून विचारलं, तुम्ही मागे वात-पित्त म्हणालात ते प्रकृतीचं की त्या दिवसाचं? ते हसले आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे, बसा. या वेळी पाऊण तास. शाळेत असताना घाम किती यायचा, पहिल्या पावसात काय व्हायचं, आईचं बाळंतपण कुठल्या महिन्यात, असं सगळं. शेवटी म्हणाले, मूळ पित्त-कफाकडे झुकतंय, सध्या रक्त कमी आणि झोप कमी म्हणून वात वर आलाय. म्हणजे ॲपचं उत्तर चुकलं नव्हतं, वैद्यांचंही नाही, आणि आईचा कफही अर्धा खरा निघाला!

पथ्य अगदी साधं दिलं. रात्रीचं जेवण आठच्या आत, पायाच्या तळव्यांना तूप चोळून झोपणं, काळ्या मनुका भिजवून, आणि लोहाच्या गोळ्या आहेत तशाच चालू. पहाटे तीनची जाग अजून आठवड्यातून दोनदा येते. आधी रोज यायची.

आकडेमोड
वाचून खरंच बरं वाटलं. हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी पुन्हा तपासून इथे लिहा.

भिजलेली वाट
नक्की लिहीन. आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक, पण मग रात्री दही खायचं की नाही, ते त्या ताईंना विचार."

निर्गुडी
आईंना सांगा, रात्री दही नको. 'न नक्तं दधि भुञ्जीत', आणि यात प्रकृती विचारायची गरज नाही. दुपारच्या जेवणानंतर ताक घ्या, ताजं, जिरं आणि चिमूटभर सैंधव घालून.

पाटावरवंटा
आणि ताक घुसळलेलं. दह्यात पाणी ओतलेलं नव्हे.